घंटीच्या वायरवरचा मिक्सर

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! परवा घरात मिक्सर घरघरला आणि मुरगूडची माझी आत्या आठवली. ती आज असती, तर हा किस्सा तिनंच सांगितला असता आणि मी तोंड लपवून बसलो असतो.

मी तेव्हा नुकताच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पास झालो होतो. आत्याच्या पोरीचा, सुमीचा, साखरपुडा. थंडीचे दिवस. स्वयंपाक मागच्या परड्यात मांडलेला आणि तिथं बोर्ड नाही. मी म्हटलं, मी आहे ना! घरात दाराच्या घंटीची बारीक वायर पडली होती. तीच जोडत जोडत पार परड्यात नेली. उरलेलं भेंडोळं चुलीपासून लांब, भिंतीकडेला ठेवलं.

मिक्सर लावला, तर तो नुसता कण्हायला लागला. खोबरं भांड्यात तसंच. मी सांगितलं, मिक्सर म्हातारा झालाय. शेजारच्या काकूंचा आणला. तोही कण्हला.

मग मी निदान बदललं. गल्लीचा व्होल्टेज कमी आहे! घरोघर फिरून टीव्ही, फ्रिज बंद करायला लावले. पलीकडचे पाटीलकाका मॅच बघत होते. इंजिनिअर म्हणतोय म्हटल्यावर बिचाऱ्यांनी शेवटच्या ओव्हरला टीव्ही घालवला. तरी मिक्सर ढिम्म. तिकडं पाहुणे गावात शिरल्याचा निरोप आला, आणि रश्श्याला मसाला नाही!

आत्याची नजर भिंतीकडं गेली. वायरच्या भेंडोळ्यावर तिचं मांजर डोळे मिटून गाढ झोपलं होतं. आत्यानं हात लावून पाहिलं.

"बाळ्या, वायर गरम लागतीया की रं. असंच असतंय व्हय?"

मीही हात लावून पाहिला. एवढी लांब, एवढी बारीक वायर! विजेचा निम्मा जोर वायर तापवण्यातच चालला होता, मिक्सरपर्यंत पोचणार काय? परीक्षेत यावर पानभर उत्तर लिहिलं होतं हो मी!

आत्यानं मिक्सर उचलून आत नेला, स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावला. भुर्रकन मसाला वाटून झाला.

पंगतीत मात्र तिनं सगळं रंगवून सांगितलं. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते अजून दिसतं मला.

नवरदेवाचे चुलते शांतपणे रस्सा ओरपत होते. वाटी खाली ठेवून माझ्याकडं वळले.

"पावणं, आमच्यात दोन मांजरं हायती. थंडीत कवा येताय?"