इंदूबाईंचं मंजन
आर्णीजवळच्या त्या गावात कुणाच्या घरी दारूवरून, खर्ऱ्यावरून भांडण पेटलं, की इंदूबाईंना बोलावणं यायचं. माळकरी बाई, बोलणं सरळ तोंडावर. त्यांची सून सत्यशीला हिला सासूचा अभिमान होता अन् धाकही.

सत्यशीलाचा नवरा संजय वीस वर्षांपासून खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आवाज आला, की तो घरी आला हे तिला कळायचं. हळूहळू जबडा आखडला, तोंडात दोन बोटंही जाईनात. डॉक्टरनं भीती घातली, तेव्हा इंदूबाईंनीच लेकाला देवासमोर बसवलं.

"सोड आजपासून. मनात आणलं का एका दिवसात सुटते."

"तू म्हणतं म्हणून सोडतो, माय."

नऊ दिवस त्यानं काढले. जेवण गोड लागायचं नाही, चहात साखर कमी म्हणून तो कप आदळायचा. मग आईच्या माळेकडे बघून गप बसायचा. सत्यशीलाला वाटायचं, हे सारं सासूबाईंच्या एका शब्दावर तोललेलं आहे. तो शब्द हलला, की नवरा गेला पानठेल्यावर.

दहाव्या दिवशी एकादशी होती. इंदूबाईंची निर्जळी. यवतमाळला नर्सिंग शिकणारी नात निकिता सुट्टीवर आलेली. दुपारी आजी ओसरीत बसून डबीतलं काळं मंजन बोटानं हिरड्यांवर घासत होती.

"आजी, सकाळपासून कितव्यांदा?"

"चौथ्यांदा असन. दाढ दुखते न."

"मग उपास मोडला की तुझा."

"काहून? मंजनानं कायचा उपास मोडते वं? दातच घासून राह्यली न मी!"

"डबीवर काय लिहिलं ते वाच."

इंदूबाई चौथी शिकलेल्या. तीस वर्षं अशा डब्या आणल्या, पण वाचली एकही नव्हती. चष्मा लावून त्यांनी अक्षरं जुळवली. तं, बा, खू.

बाजेवर पडलेला संजय उठून बसला. सत्यशीलानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"म्हणजे माय," तो कडवट हसला, "आपण दोघं एकाच पंगतीतले."

औषध म्हणून घेते, असं इंदूबाई सहज म्हणू शकल्या असत्या. गावात कोण विचारणार होतं? पण त्या उठल्या, चूळ भरली अन् डबी मोरीत पालथी केली.

"व्हय रे. तुह्यं पन्नीत, माह्यं डबीत. आजपासून मीही सोडलं."

तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं फुटायला आलं. मंजनाशिवाय पोट साफ होईना. भाकर करपली म्हणून त्यांनी ताट सरकवलं, मग स्वतःच रडल्या. सत्यशीला बघतच राहिली. चार बाळंतपणं हूं की चूं न करता काढलेली, मालक गेल्यावर एकटीनं कपाशी उभी केलेली ही बाई. तिला चिमूटभर काळ्या भुकटीनं आडवं पाडलं होतं. केवढी ताकद त्या भुकटीची! अन् तरी ती नवी डबी मागवत नव्हती, त्या निग्रहाची केवढी!

दुपारी इंदूबाईंनी लेकाला हाक मारली.

"संज्या, तुलेही असंच होत होतं का रे?"

"होत होतं म्हणजे? आताही होऊन राह्यलं, माय."

"अन् मी म्हटलं, एका दिवसात सुटते." त्यांनी लेकापुढे हात जोडले. "चुकली बावा मी."

संजय धडपडत उठला. "अवं, पाप लावतं का मले! हात खाली कर आधी." मग आवाज उतरवून म्हणाला, "तलफ आली न, का चालत सुटायचं. दहा मिनिटं दम धरला का ते निघून जाते. चाल, देवळापर्यंत जाऊन येऊ."

लेकाच्या खांद्यावर हात ठेवून माय निघाली. सत्यशीला दारात उभी. त्या दोघांच्या पाठीकडे बघून तिचे हात आपोआप जुळले.

त्या दिवशी मायलेक देवळापर्यंत सात वेळा जाऊन आले.