दाजींचा गुळाचा खडा

अक्काचा फोन आला तेव्हा तिचा आवाज स्थिर होता. "तुझं दाजी गेलं बघ," एवढंच म्हणाली... त्याला आता दीड महिना झाला. मध्ये साखर कारखान्यात शोकसभा झाली. पाच वक्त्यांनी माझ्या मेहुण्यांना कर्मयोगी म्हटले. ते नेमके काय काम करत, हे एकालाही सांगता आले नाही.

दाजी बॉयलर फिटर. हंगाम संपला की वाफेच्या नळ्यांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने वेष्टण सोलायचे, नवे गुंडाळायचे. संध्याकाळी ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन घरी येत. उपाय ठरलेला होता, गुळाचा खडा. धूळ गुळाला चिकटून पोटात जाते, असा सगळ्या फिटरांचा ठाम समज. कारखानाही मास्कऐवजी गूळच वाटायचा. कोल्हापुरात गुळावर शंका घेणार कोण?

निवृत्तीनंतर, २००४ साली, म्हणजे गेल्याच वर्षी, छातीत पाणी झाले. आधी टीबीची औषधे झाली. मग छातीतला तुकडा तपासायला गेला आणि डॉक्टरांनी विचारले, "तरुणपणी काम काय करत होता?"

दाजी उखडले. "बिडी वढत न्हाय, तंबाखू खात न्हाय. कामाचं काय काढलंय?"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. त्या धुळीतले बारीक तंतू फुप्फुसाच्या आवरणात रुतून बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी तिथे कर्करोग होऊ शकतो. हा बिडी-तंबाखूने होणारा आजार नव्हे, आणि घरच्यांना तो रुग्णापासून लागतही नाही. बरा होणार नव्हता. पाणी काढून श्वास हलका करता येणार होता.

"आणि गूळ?"

"गूळ पोटात जातो, आजोबा. धूळ छातीत."

दाजींचा मुलगा संजय त्याच बॉयलरवर होता, खिशात गुळाची पुडी घेऊन.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने कारखान्यात गेले. संजय परांचीवर होता. "आबा, सगळीच खात्यात की. तुमीच शिकवलंय."

"व्हय, मीच. चुकीचं शिकवलं. उतर खाली!" हे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या फिटरांसमोर. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सत्काराचा विषय काढला. दाजी म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या. पोराला दुसरं काम द्या, मग उठतो." तीन तास बसले. संजय पंपहाऊसवर गेला. बाकीच्यांचा गूळ सुटला नाही, पण धूळ उडू नये म्हणून वेष्टण भिजवून काढायला लागले.

वर्षानुवर्षे दाजींचे कपडे अक्का दारात झटकायची आणि ती धूळ तिच्याही छातीत जायची, म्हणून डॉक्टरांनी तिचाही एक्स-रे काढायला लावला. तो स्वच्छ निघाला. मग दाजींनी दाराबाहेर बादली भरून ठेवली. कामाचे कपडे झटकायचे नाहीत, आत आणायचे नाहीत.

परवा मी अक्काकडेच होतो. संजय कामावरून आला. कपड्यांना फार तर ग्रीस. तरी दारातच शर्ट काढून त्याने बादलीत बुडवला, उघड्या अंगाने आत आला आणि म्हणाला, "बसा मामा. आबांचा नेम हाय."