जजसाहेबांचा चहा

केजात माझं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. निवृत्त होऊन गावी परतलेले जजसाहेब स्कूटर घेऊन यायचे आणि काम होईपर्यंत उन्हात उभे राहायचे. खुर्ची नको, पाणी नको. चहाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नको. उद्या तुमचं काही माझ्यापुढं आलं तर?" नोकरी संपली होती, पण ती भीती काही गेली नव्हती.

नगरपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हाही तेच. दारोदार हात जोडले, पण कुणाच्या घरी कपाला तोंड लावलं नाही. शेजारचे फळवाले चाचा भरलेला कप परत नेताना म्हणाले, "सायब, आमचा चहा चालत न्हाई, मग आमचं मत कावून पायजे?" वॉर्डभर हीच चर्चा झाली आणि साहेब निवडणुकीत लई वाईट पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते चालतच दुकानात आले. खुर्ची ओढून बसले.

"चहा सांगा," म्हणाले.

चहा आला. मी काही विचारलं नव्हतं, तरी कपाकडं बघत हळूच बोलले, "घेतो. आता कुणाचंच काही माझ्यापुढं येणार नाही."