शोभेचा खण

आमच्या संग्रहालयात नवी वस्तू आली की सगळे तिचं रूप बघतात. नंबरवाली मावशी मात्र आधी ती उलटी करते. तिचं कामच ते: कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक कुंचल्याने, वस्तूचा नोंदणी क्रमांक लिहायचा. सव्वीस वर्षं तिने फुलदाण्या, खुर्च्या, घड्याळं बुडाकडूनच ओळखली. "मला समोरून काही दाखवू नका, कळत नाही," असं ती चक्क पाहुण्यांना सांगते.

यंदाच्या खरेदीत एक लिहिण्याचं टेबल होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं, तीन खणांचं, दृष्ट लागावी असं. मावशी पाठीवर आडवी होऊन त्याच्याखाली शिरली, ती बाहेरच येईना. मी वाकून पाहिलं, तर ही एकीकडे रडतेय, एकीकडे हसतेय.

"हे बाबांचं आहे रे! स्क्रूंच्या खाचा बघ, सगळ्या एका रेषेत. माझ्या अभ्यासाच्या स्टुलालासुद्धा अश्शाच होत्या."

मावशीचे वडील सुतार. जन्मभर एका दुकानासाठी राबले. वस्तूवर नाव लागायचं दुकानाचं, त्यांचं कधीच नाही. प्रदर्शनाच्या पाट्या करणं माझं काम, आणि मला मिळालेल्या कागदावरही तेच होतं: 'कारागीर अज्ञात'. आमच्या मुख्य बाई मनाने चांगल्या, पण पुराव्याशिवाय शिंकणारही नाहीत. "खाचा काय, कुणीही सरळ ठेवील," त्या म्हणाल्या. पाटी परवा छापायला जाणार होती. मावशीला जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांनाच आणलं. वय चौऱ्याऐंशी, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर 'उगाच कुणाला त्रास नको' असा भाव. बाईंनी नोंदवही वाचून दाखवली: "मधला खण केवळ शोभेचा, उघडत नाही."

म्हातारा एकदम तापला. "शोभेचा? मी शोभेचे खण करत नसतो!"

त्यांनी डावा खण पुरता बाहेर काढला, मोकळ्या जागेत कोपरापर्यंत हात घातला आणि आतली एक पट्टी दाबली. मधला खण अलगद पुढे आला. आम्ही सगळे आ वासून उभे. आत होतं फक्त रंध्यातून निघालेलं लाकडाचं एक वळलेलं सालपट.

"झाडायचं राहिलं," बाबा ओशाळून म्हणाले. ते फुंकर मारणार, तोच बाई किंचाळल्या, "थांबा! त्यालाही नंबर पडेल!"

आम्ही इतके हसलो की पहारेकरी धावत आला. मग बाईंनी नोंदवहीतलं 'अज्ञात' खोडलं आणि पेन सावरलं. "हं, सांगा पूर्ण नाव."

"कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"तुमचं."

बाबांनी शर्ट खाली ओढला, ताठ उभे राहिले आणि स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

"सावकाश, बाबा," मावशी म्हणाली. "त्यांना नीट लिहू द्या."