माई मावशीच्या बारीक व्हायच्या गोळ्या

मंडळी, आज सकाळी नातीबरोबर लोणावळ्यात डॉक्टरांकडे गेले होते. तिला मधुमेह आहे, म्हणून वजन कमी करायचं इंजेक्शन हवंय. डॉक्टर म्हणाले, "साखर आटोक्यात येईल, पण मळमळ होऊ शकते. थांबवलं की वजन परत वाढू शकतं."

मला मात्र तुंगार्लीची माई मावशी दिसत होती. स्वातंत्र्याआधी, मी पाच-सहा वर्षांची असताना, तिला लठ्ठपणावर थायरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. ती झपाट्यानं बारीक झाली. बायका कौतुक करायच्या. एकदा तिनं माझा हात आपल्या छातीवर ठेवला. "बघ गं, कसं धडधडतंय!" त्याच आठवड्यात ती गेली. त्या गोळ्यांचा हृदयावर ताण येतो, हे मला फार नंतर कळलं.

म्हणून मी डॉक्टरांना नातीचं हृदय तपासायला लावलं, ते ठीक निघालं. "घे इंजेक्शन," मी म्हणाले. तरी ते धडधडणं दिवसभर माझ्या तळहातातून जात नाहीये.

तुमच्याकडे कुणी बारीक होत असेल, तर "तुला बरं वाटतंय ना?" असं विचारता का?