मावशींचं उशिराचं आमेन

लोणावळ्याच्या आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळे एका सुरात "आमेन" म्हणत, आणि मार्थामावशी तोंड घट्ट मिटून बसत. नवे पाळक आले तेव्हा त्यांना वाटलं, बाईंचा आपल्यावर राग आहे. बिचाऱ्यांनी काही रविवार उपदेश आखडता घेतला, त्यात आमचा फायदाच झाला. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच. मावशी म्हणाल्या, "आत्ता नुसतं तोंडानं मागून झालंय, पाळकसाहेब. काम हुऊ द्या, मग म्हनते की."

आणि म्हणत, पण कुठंही. कुणाच्या आजारपणासाठी प्रार्थना झाली की मावशी मळवलीहून डबा घेऊन दवाखान्यात हजर. रोग्यानं भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला की वॉर्डभर ऐकू जाईल असं "आमेन!" नर्स दचकायच्या. आमच्या घरी जेवायला आल्या, तर बाबांच्या लांबलचक प्रार्थनेनंतर त्या गप्प, आणि त्यांचं आमेन यायचं शेवटचं पातेलं घासून झाल्यावर, मोरीतून. आई म्हणायची, "हिच्या प्रार्थनेला काथ्या लागतो."

मळवलीत त्या एका बंगल्याची राखण करत. बागेतल्या डेरेदार आंब्याला कधी मोहोरच येत नसे. त्याच्याकडे बोट दाखवून त्या आम्हा गाणाऱ्या मंडळींना म्हणत, "टोपली घेऊन लोक फळाला येत्यात, पानाला न्हाई." आम्ही हसायचो. बोट आमच्याकडेच आहे हे कळूनही हसायचो.

स्टेशनाबाहेर भाजी विकणारी आंदर मावळातली सोनाबाई ही मावशींची मैत्रीण. एका आषाढात ती बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली, तोही ऐन आवणीत, भातलावणीच्या दिवसांत. भाताचं खाचर एकच, घरात दुसरं माणूस नाही, आणि रोपं जून झाली की वर्षाचा भात गेला. पाळकांनी तिच्यासाठी फार सुंदर प्रार्थना केली. आम्ही आमेन म्हणून चहाकडे वळलो, तर मावशी दारात आडव्या. "उद्या टेम्पो सांगितलाय. जुनी कापडं घालून या."

गेलो. पाळक उत्साहानं रोपं लावत पुढे पुढे निघाले आणि स्वतः लावलेली ओळ स्वतःच तुडवत गेले. बांधावर बसलेल्या सोनाबाईची हसून पुरेवाट झाली. "आवो, मागं सरकत लावत्यात!" मावशी म्हणाल्या, "रोज सैतानाला मागं हटवता, आज तुमी हटा." संध्याकाळी शेवटची जुडी लागली तेव्हा मावशींनी कंबर सरळ केली आणि डोंगर घुमेल असं आमेन म्हटलं. सोनाबाईचा पाय अधूच राहिला, त्यामुळे दर आषाढात आमची वारी तिच्या खाचरात ठरलेली.

यंदा उन्हाळ्यात मावशी गेल्या. कबरीपाशी पाळकांनी प्रार्थना केली, "तिचं काम आमच्या हातून घडू दे," आणि थांबले. कुणाच्याच तोंडून आमेन निघेना. पाळकांनी हळूच पुस्तक मिटलं.

आषाढ लागला आणि सोनाबाईचा फोन आला. "रोप लावनीला आलंय, पन आता कोन येतंय? मार्थाच न्हाई."

त्या रविवारी चहाच्या वेळी पाळकच दारात आडवे उभे राहिले. टेम्पो सांगून झाला होता.

दिवसभर ते मागे सरकत राहिले, ओळही बऱ्यापैकी सरळ आली. शेवटची जुडी लागली. कंबरा सरळ झाल्या, आणि सगळे गप्प उभे. ते म्हणायचं काम मावशींचं होतं. बांधावरून सोनाबाई डोळे पुसत ओरडली, "आता म्हना की तेवडं! ती वाट बघत आसंल."

आम्ही म्हणालो. रस्त्यावर टेम्पोत झोपलेला ड्रायव्हर दचकून उठला.