वळणावरची रास

मी लष्करात हवालदार असताना माझं पोस्टिंग उत्तर लडाखमध्ये होतं. लेहहून सरहद्दीपलीकडच्या यारकंदला जाणारी जुनी व्यापारी वाट आमच्या पोस्टखालून जायची. शेकडो वर्षं तिच्यावरून घोडे, खेचरं, उंट चालले. इकडून मसाले, कापड, नीळ जायची. तिकडून रेशीम, लोकरीचे नमदे, गालिचे यायचे. सरहद्द बंद झाली, व्यापारी गेले. वाट मात्र राहिली आणि ती आम्ही वापरत होतो.

हे सांगायचं कारण, मागच्या रविवारी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचा स्लाइड शो होता. विषय, ‘हरवलेल्या वाटेचा शोध’. मी येरवड्याहून मुद्दाम गेलो. वाट हरवली होती हे मला तिथे कळलं. पंधरा मिनिटांनी एक फोटो आला. तंबू, चूल आणि चुलीभोवती दगडांचा आडोसा.

“वारा क्रेझी होता,” तरुण म्हणाला, “पण शेजारीच दगडांचा रेडीमेड ढीग मिळाला. सो लकी.”

लोक हसले. आडोशातल्या एका दगडावर पांढरी अक्षरं होती. तो रंग मी लावला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या वाटेवर ठराविक अंतरावर दगडांच्या राशी होत्या. एका राशीपाशी उभं राहिलं की पुढची दिसायची. जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, ही व्यापाऱ्यांची रीत. आमच्या पोस्टवरचा लडाखी वाटाड्या त्सेरिंग याचा आजा काफिल्यांबरोबर चाललेला. तो आमच्याकडूनही ती रीत पाळून घ्यायचा. प्रत्येक राशीपाशी आम्ही थांबायचो आणि खेचरांचे तंग आवळायचो. खेचरांना याची इतकी सवय झाली होती, की रास आली की ती आपणहून थांबत.

ऑक्टोबरात वरच्या पोस्टवर रसद घेऊन निघालो. मी, दोन जवान, त्सेरिंग, तीन खेचरं आणि खेचरं सांभाळणारा शिपाई मधुकर गजभिये, अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्टचा, भंडाऱ्याकडचा. वाट डावीकडे वळते त्या राशीपाशी मुक्काम पडला. वारा तंबू उपटायला निघाला होता. त्याच्या कडा दाबायला दगड हवे होते आणि सुटे दगड जमिनीत गोठलेले. मी म्हणालो, “रास मोडा.”

“मत तोड़ो, साब,” त्सेरिंग म्हणाला.

“परत येताना रचू.”

रास मोडली. सकाळी निघायची घाई होती. दगड तिथेच विखुरलेले राहिले आणि दोन दिवसांत बर्फाखाली गेले.

परतताना त्सेरिंग ताप आल्यामुळे वरच राहिला. वाट पाठ आहे, असं मी म्हणालो. सकाळी सहा वाजता निघालो. अकरा वीसला व्हाइटआउट झालं. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, हातातल्या काठीचं टोक दिसेना. तशात गजभियेचं पुढचं खेचर, मैना, थांबलं.

“रास इथंच होती जी, हवालदारसाहेब,” गजभिये म्हणाला. “मैना उगाच नाही थांबत.”

“ते वळण अजून पुढे आहे. हाक तिला.”

“थोडं थांबून पाहू काय जी?”

“गजभिये, ऑर्डर आहे.”

“हौ जी.”

त्याने मैनाला पुढून ओढलं. ती अडली. त्याने पुन्हा ओढलं. वीसेक पावलांवर बर्फाची कड तुटली आणि दोघं खाली गेली. आवाज फारसा झाला नाही.

मी रेडिओ उघडला. “वन मॅन डाउन. ओव्हर.”

“से अगेन. ओव्हर.”

मला पुन्हा म्हणता येईना. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मैनाचे थांबलेले पाय अजून बर्फात उमटलेले होते, आणि अगदी शेजारी बर्फ उकरला तर मोडलेल्या राशीचे दगड लागले. आम्ही रास पुन्हा रचली. एका दगडावर मी पोस्टवरच्या पांढऱ्या रंगाने गजभियेचं नाव लिहिलं. त्सेरिंग वरून उतरून आला, त्याने दगड ठेवला आणि मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. चौकशीत कारण लिहिलं गेलं, खराब हवामान. मी खाली सही केली.

तर त्या सभागृहात मी उभा राहिलो.

“काका, प्रश्न शेवटी,” संयोजक म्हणाले.

“प्रश्न नाहीये. आपण बसा.”

मी गजभियेचं नाव सांगितलं, राशी कशासाठी असतात ते सांगितलं. रास जागेवर नसल्यामुळे तो माणूस कसा गेला तेही सांगितलं. आवाज चढला होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तरुणाचा चेहरा उतरला. “सॉरी सर. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. तिथे बोर्ड वगैरे काहीच नव्हता.”

“तो ढीगच बोर्ड होता.”

“नेक्स्ट सीझनला जाऊन परत रचतो.”

“परत येताना रचू, असंच ना? तोवर त्या वळणावर कुणी आलं तर?”

त्याने अगदी सरळपणे विचारलं, “पण सर, तेव्हा ती रास तिथे का नव्हती?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसलो.

सोमवारी सकाळी तो माझ्या घरी आला, फोटो आणि जागेचा नकाशा घेऊन. त्याच्यासमोर मी त्या भागातल्या युनिटला पत्र लिहिलं. रास ताबडतोब रचावी, नावाचा दगड वर ठेवावा. तो उठायला लागला तेव्हा म्हटलं, बस, अजून संपलेलं नाही. खाली आणखी चार ओळी लिहिल्या आणि त्याला वाचायला दिल्या.

‘शिपाई मधुकर गजभिये यांचा मृत्यू खराब हवामानाने झाला नाही. खेचर योग्य जागी थांबलं होतं. गजभिये यांनी मला तसं सांगितलं होतं. रास मी मोडली होती.’